स्वादुपिंडाचं दुखणं आणि आपण लावलेला ठपका



आज आम्ही एका दुखण्याची माहिती घेऊन आलो आहोत, आणि माणसांना ते दुखणं कसं कळत गेलं त्याचा इतिहासही. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करावी लागेल.

बोईसरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यातली एक वहिनी आमच्या बचत गटात होती. तिच्या सतरा वर्षांच्या मुलाला लहानपणापासून पोटदुखी. बेंबीच्या वर दुखायला लागायचं, ते पाठीतून आरपार निघायचं. पोरगा गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसायचा, तेव्हा कुठे थोडं बरं वाटायचं. जंताचं औषध झालं, भगताकडे जाऊन झालं, नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली. पोरगा वाळत चालला. मग कुणीतरी सांगितलं की असं पोट दारुड्यांचं दुखतं. आणि गटाच्या बैठकीत आम्हीच तिला म्हणालो, "वहिनी, जरा लक्ष दे. कंपनीतल्या पोरांबरोबर लपून पीत असेल."

वहिनी काही बोलली नाही. पुढच्या महिन्यापासून तिनं बैठकीला येणं सोडलं.

पुढे मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात त्या मुलाची तपासणी झाली. स्वादुपिंडात खडे निघाले, रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. त्या मुलानं दारूचा थेंबही कधी घेतला नव्हता.

त्याच वर्षी आमच्या दुसऱ्या एका ताईचा नवरा याच आजारानं अंथरुणाला खिळला. तो एमआयडीसीत कंत्राटी कामाला होता, आणि रोज प्यायचा. म्हणजे आजार एकच आणि घरं दोन. एका घरात दारू होती, दुसऱ्या घरात नव्हती. आम्ही दोन्ही घरांना एकच ठपका लावला होता. असं कसं होतं, ते शोधायला आम्ही बसलो, तेव्हा कळलं की ही चूक आमच्या आधी मोठमोठ्या लोकांनीही केली होती.

आधी हे स्वादुपिंड म्हणजे काय ते पाहू.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, आडवी पडलेली ही एक ग्रंथी आहे. लांबी आपल्या वितीएवढी. ती इतकी खोल असते की वरून हात लावून समजत नाही. म्हणूनच माणसाला तिची ओळख फार उशिरा पटली. १६४२ साली इटलीतल्या पाडुआ गावात विर्सुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं फाशी दिलेल्या एका माणसाच्या शवात या ग्रंथीतून जाणारी नळी पाहिली. नळीतून काय वाहतं हे मात्र त्याला कळलं नाही. दोनशे वर्षांनी फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यानं दाखवलं की या नळीतून येणारा रस तेल-तूप पचवतो. १८८९ साली जर्मनीत मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर त्याच्या लघवीत साखर उतरू लागली. तेव्हा कळलं की ही ग्रंथी दोन कामं करते. एक, अन्न पचवणारा रस आतड्यात सोडायचा. दुसरं, रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन तयार करायचं.

हा पाचक रस फार जहाल असतो. मटण, डाळ, तेल सगळं विरघळवतो. मग तो स्वतःच्या घरालाच का खात नाही? कारण ग्रंथीत असताना तो निजलेला असतो. आपल्या आया शेजारच्या घरून निखारा आणायच्या, तो राखेखाली झाकून आणायच्या आणि आपल्या चुलीत आल्यावर फुंकून फुलवायच्या. हा रसही तसाच झाकलेला येतो आणि आतड्यात पोचल्यावर जागा होतो. पण काही कारणानं तो वाटेतच, ग्रंथीतच जागा झाला, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. त्याला स्वादुपिंडाचा दाह म्हणतात. असा दाह पुन्हा पुन्हा झाला की मऊ ग्रंथी चिवट होते, तिच्यात वण पडतात, नळी आखडते, आत खडे धरतात. एकदा गेलेला भाग परत येत नाही. हाच जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस.

मग दारूचं नाव या आजाराला एवढं कसं चिकटलं? १९४६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या आजाराचं नीट वर्णन छापलं. त्यांचे बरेच रुग्ण भरपूर पिणारे होते. पुढे युरोपातही तेच दिसलं. ते खरंच होतं. वर्षानुवर्षं रोज जास्त दारू घेतली की रस घट्ट होतो, नळीत गाळ साचतो, ग्रंथीतल्या पेशी कमकुवत होतात. पण पुस्तकात दारू पहिली लिहिली गेली आणि डॉक्टरांच्या, मग लोकांच्या मनात "स्वादुपिंड म्हणजे दारू" असं समीकरण बसलं.

आपल्या भागात दारूलाही एक इतिहास आहे. तो माहीत नसेल तर आपण नुसतं माणसाला नावं ठेवतो आणि बाकीचं विसरतो.

पूर्वी किनाऱ्यावर ताडी होती आणि डोंगराकडे मोहाची दारू. मोहाची फुलं वेचायला बाया पहाटे जायच्या. ती फुलं अन्नही होती, गुराचा चाराही होती, आणि सणासुदीची दारूही. इंग्रज सरकारनं १८७८ साली अबकारी कायदा केला. ताडाच्या झाडावर कर बसला, घरची भट्टी गुन्हा ठरली, मोठ्या भट्टीतली दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची असं झालं. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा आला आणि फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर बंधन घातलं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. सणाला घरात होणारी गोष्ट अशी रोजच्या दुकानावर गेली, दुकानाबरोबर उधारी आली, आणि उधारीबरोबर जमीन गेली.

याला पहिला मोठा नकार आपल्याच किनाऱ्यावरून निघाला, हे आम्हाला वाचून कळलं तेव्हा अंगावर काटा आला. साल १९२२. पालघर तालुक्यातल्या मच्छीमार वस्त्यांत देवीच्या रोगाची साथ शांत व्हावी म्हणून पूजा सुरू झाली. अंगात येणाऱ्यांच्या तोंडून देवी बोलू लागली. पुढे हे लोण उंबरगावकडे, डोंगरातल्या आदिवासी पाड्यांत, नाशिककडे आणि दक्षिण गुजरातेत सुरतपर्यंत गेलं. मांडवात शेकडो माणसं जमायची आणि देवीची आज्ञा ऐकायची: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे राबायला जाऊ नका. डोंगराकडे या देवीला सलाबाई म्हणत. कितीतरी गावांत दुकानं ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं यावर एक मोठं पुस्तक लिहिलं, ते १९८७ साली प्रसिद्ध झालं. काही ठिकाणी दारू पुन्हा सुरू झाली, पण काही घराण्यांनी ती कायमची सोडली. कुणी बाहेरचा पुढारी येऊन सांगण्याआधी आपल्याच लोकांनी हे ठरवलं होतं.

याच १९२२ सालात, जानेवारी महिन्यात, कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नळी बांधून त्यातून ते औषध मिळवायला सुरुवात केली होती. त्याआधी साखर झालेलं मूल म्हणजे थोड्या दिवसांचं सोबती असायचं. दारूला नकार आणि इन्सुलिन, या आजाराच्या उपचारातल्या दोन मोठ्या गोष्टी आजही याच आहेत.

आता न पिणाऱ्यांकडे येऊ. त्यांची दखल कुणी घेतली?

१९५९ साली इंडोनेशियात झुइडेमा नावाच्या डच डॉक्टरनं लिहिलं की गरीब, खायला पुरेसं नसलेल्या माणसांच्या स्वादुपिंडात खडे दिसतात, आणि त्यांना साखरही होते. नंतर आपल्या केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात असे शेकडो रुग्ण पाहिले. बहुतेक तरुण, कितीतरी मुलंमुली, दारूशी संबंध नसलेले. त्यांना एक ठरलेला क्रम दिसला: लहानपणी पोटदुखी, वयात येताना साखर, आणि ऐन उमेदीत मरण. आमच्या वहिनीच्या मुलाची पहिली दोन पावलं तंतोतंत हीच होती.

मग कारण काय? केरळात गरीब लोक टॅपिओका खात. टॅपिओका म्हणजे कसावाचा कंद. १८८० च्या दशकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी दुष्काळी अन्न म्हणून त्याची लागवड वाढवली होती. या कंदात सायनाइडचा अंश असतो, तेव्हा तेच विष असेल असं अनेक वर्षं मानलं गेलं. इथं प्रत्येक बैठकीत आम्हाला एक प्रश्न येतो: "म्हणजे उपासाचा साबुदाणा?" साबुदाणा याच कंदापासून होतो हे खरं. पण तो कंद किसून, पुष्कळ पाण्यात धुऊन, खाली बसलेल्या सत्त्वापासून करतात, त्यात विषाचा अंश नावापुरताच उरतो. आणि मुख्य म्हणजे, जिथं टॅपिओका कुणी खात नाही तिथंही हा आजार सापडला, आणि टॅपिओका खाणाऱ्या कितीतरी मुलखांत सापडला नाही. पुढच्या अभ्यासांनी त्या कंदाला दोषी ठरवलं नाही. त्यामुळे साबुदाण्यावर हा ठपका नको. नुसता साबुदाणा खाऊन पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, ही त्याची खरी उणीव.

दुसरा ठपका बसला कुपोषणावर. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली या साखरेला कुपोषणाच्या मधुमेहात घातलं. आपल्या जिल्ह्यात कुपोषण हा शब्द नवा नाही. जव्हारच्या वावर-वांगणीतले १९९२ सालचे बालमृत्यू आपण विसरलेलो नाही. पण नंतर खाऊनपिऊन सुखी घरांतही हे रुग्ण निघाले. अन्न पचत नाही म्हणून माणूस वाळतो, वाळला म्हणून आजार होतो असं नाही, हे लक्षात आलं. १९९९ साली संघटनेनं या मधुमेहाला स्वादुपिंडाच्या आजारांत हलवलं. म्हणजे ज्या आईला "तू पोराला नीट खायला घातलं नाहीस" असं ऐकावं लागलं, तिच्यावरचा तो ठपकाही चुकीचा होता.

२००० च्या आसपास तिसरी गोष्ट पुढे आली. आपल्या शरीरात एक प्रथिन असतं, ते ग्रंथीत चुकून जागा झालेल्या रसाला आवर घालतं. मघाच्या निखाऱ्यावरची राख म्हणा. काही माणसांत आईबापांकडून आलेल्या जनुकात फरक असतो आणि ती राख पातळ पडते. भारतातल्या आणि बांगलादेशातल्या रुग्णांत हा फरक निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त सापडला. असा फरक असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, पण धोका वाढतो. हा काही कुणाचा गुन्हा नाही. आईच्या कुळाचा नाही, बापाच्या कुळाचाही नाही.

२००८ साली देशभरातल्या एक हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास छापून आला. दहा रुग्णांमागे साधारण चार जणांना दारूमुळे आजार झाला होता. सहा जणांत ठरावीक कारण सापडलं नाही. आम्ही हा आकडा वाचला आणि गप्प बसलो. कारण आम्ही वहिनीला दिलेला निकाल अर्ध्याहून जास्त वेळा चुकीचा ठरला असता.

बाकी कारणंही आहेत. रक्तातली चरबी फार वाढणं, गळ्यातल्या एका ग्रंथीच्या बिघाडानं कॅल्शियम वाढणं, नळीची जन्मतः वेगळी ठेवण. पित्ताशयातला खडा घसरून नळीत अडकला तर अचानक जोराचा दाह होतो. बायांमध्ये हे पुष्कळ दिसतं, आणि ते वेळेवर ओळखलं तर खड्यावर उपचार करून पुढचं टाळता येतं. बोईसर-तारापूरच्या सख्या विचारतात, कंपनीतल्या वासामुळे होत असेल का? इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या डॉ. जोन ब्रॅगान्झा यांनी हाच प्रश्न विचारला होता. रसायनांची वाफ, रॉकेलचा आणि चुलीचा धूर यांचा भार शरीरावर पडून स्वादुपिंड बिघडत असेल असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दक्षिण भारतातल्या रुग्णांवरही त्यांनी काम केलं. हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण धूर आणि वाफ फुप्फुसाला वाईट हे तर सिद्धच आहे, तेव्हा कामावर तोंड-नाक झाकण्याचं साधन मागणं हा आपला हक्क आहे, त्यासाठी दुसऱ्या कारणाची वाट पाहू नका.

आणि तंबाखू. ही गोष्ट दारूच्या मागे लपून राहिली. पिणारा बहुतेक वेळा विडीही ओढतो, म्हणून सगळा दोष दारूवर गेला. गेल्या वीसेक वर्षांत स्पष्ट झालं की विडी-सिगारेट स्वतःच्या बळावर हा आजार घडवते आणि दारूबरोबर असली तर धोका आणखी वाढवते. आणि सख्यांनो, आपली मशेरी? धूर नाही म्हणून ती निर्धोक नाही. धुराविना खाल्लेल्या, लावलेल्या तंबाखूनं तोंडाचा आणि स्वादुपिंडाचाही कर्करोग होतो, असं जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलं आहे. नवऱ्याची बाटली आपल्याला दिसते, आपल्या कमरेची मशेरीची डबी दिसत नाही.

आता उपचाराचं बोलू. या आजारात गेलेली ग्रंथी परत आणणारं औषध नाही. पण दुखणं कमी करता येतं, अन्न पचवता येतं, साखर ताब्यात ठेवता येते. माणूस कामाला लागू शकतो.

पहिलं, ओळखायचं कसं? जेवणानंतर वाढणारं, पाठीत जाणारं, वाकल्यावर कमी होणारं पोटदुखणं. फिकट, तेलकट, फार घाण वासाची, पाण्यावर तरंगणारी शौचाला. खाऊनही वजन उतरणं. तरुण वयात साखर. यातलं काहीही असेल तर आशाताईला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चिठ्ठी करून घ्या. रक्त तपासा, साखर तपासा, पोटाची सोनोग्राफी करा. जुन्या आजारात रक्ताची तपासणी चांगली येऊ शकते आणि सोनोग्राफीतही सुरुवातीला काही दिसत नाही. दुखणं चालूच असेल तर "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी बसू नका, सीटी स्कॅनबद्दल विचारा.

दुसरं, दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. कारण काहीही असो, आजार झाल्यावर दोन्ही चालत नाहीत. पण रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका. त्याला थरथर सुटते, भास होतात, फिट येते, आणि कधी कधी जीवही जातो. हे काम रुग्णालयात डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं. मनाच्या आणि व्यसनाच्या मदतीसाठी १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे.

तिसरं, जेवण. पूर्वी अशा रुग्णाचं तेल-तूप पार बंद करायचे. आता तसं सांगत नाहीत, कारण माणूस आधीच वाळलेला असतो. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायचं. नाचणीची भाकरी, भात, डाळ, अंडं, मासळीचं कालवण सगळं चालतं, तळलेलं कमी. पचत नसेल तर पाचक रसाच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाच्या आधी किंवा नंतर तासाभरानं घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर आणि जेवताना घ्यायच्या, म्हणजे औषध अन्नात मिसळतं. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. कुणाच्या घरी ही अडचण असेल तर लपवून औषध बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

चौथं, साखर. या आजारातल्या साखरेला पुष्कळांना इन्सुलिन लागतं. इन्सुलिन म्हणजे शेवट आला असं नाही, १९२२ सालची गोष्ट आठवा. पण इथं एक खास सावधगिरी आहे. खराब झालेली ग्रंथी साखर वाढवणारा रसही नीट बनवत नाही, म्हणून इन्सुलिननंतर जेवण चुकलं तर साखर झपकन खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असला, तर लगेच साखरेचं पाणी किंवा गूळ द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

पाचवं, दुखणं. नाक्यावर मिळणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं रोज घेऊन मूत्रपिंड आणि जठर बिघडतं, आणि काही औषधांची सवय लागते. दुखणं थांबत नसेल तर त्याच्या मुळाशी जावं लागतं. नळीत खडे असतील तर तोंडातून दुर्बीण घालून नळी मोकळी करतात. मोठे खडे बाहेरून लाटांचा मारा करून फोडतात. मूतखड्यासाठी हे तंत्र १९८० साली जर्मनीत म्युनिकला सुरू झालं, १९८७ साली तिथेच स्वादुपिंडाच्या खड्यांवर वापरलं गेलं, आणि आज हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत हजारो भारतीय रुग्णांवर झालं आहे. शस्त्रक्रियाही आहे. फुगलेली नळी लांबीला उघडून ती आतड्याला जोडायची, ही पद्धत १९५८ आणि १९६० साली अमेरिकेत बसली. लोक ऑपरेशनला भिऊन वर्षानुवर्षं ढकलतात. पण २०२० साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं की नळी फुगलेल्या आणि फार दुखणाऱ्या रुग्णांत लवकर केलेल्या ऑपरेशननं दुखणं जास्त कमी झालं. कुणाला काय लागेल ते तज्ज्ञच ठरवतील, तरी "ऑपरेशनबद्दल विचार करायचा का?" हा प्रश्न आपण विचारू शकतो.

हे मोठे उपचार जवळ होत नाहीत, हे खरं. पण २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटपर्यंत लोकल आहे. पहाटे निघालेला रुग्ण सकाळच्या ओपीडीला मुंबईत पोचतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, पैसे भरण्याआधी. जुने सगळे कागद, सगळे फोटो एका पिशवीत ठेवा. आमच्या गटानं दोन जोड्या ठरवल्या आहेत. कुणाच्या घरचं माणूस मुंबईला न्यायचं असेल तर त्यातली एक बाई सोबत जाते. पहिल्या वेळी केस पेपरची खिडकी शोधण्यातच अर्धा दिवस जातो, म्हणून.

आणि फार जोराचं, न थांबणारं दुखणं, उलट्या, ताप, डोळे पिवळे होणं, काळी शौचाला, यातलं काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रुग्णालय गाठा.

राहिला दारूचा प्रश्न. दहातले चार जण वाचवता येतील असे आहेत, आणि ते काम आपल्या हातातलं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर निर्बंध आणण्याचा अधिकार दिला आहे. २००८ सालच्या शासनाच्या आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सही करून मागणी केली तर मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला तर परवानाच नाही. १९२२ साली किनाऱ्यावरच्या वस्त्यांत जे देवीच्या नावानं झालं, ते आज आपल्या सहीनं आणि मतानं होऊ शकतं.

शेवटी वहिनीची गोष्ट पुरी करतो.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. काय बोलावं सुचत नव्हतं. गटात सगळ्यात मोठ्या असलेल्या आजींनीच सुरुवात केली, "आमचं चुकलं, बाई. पोराचं दुखणं आम्हाला कळलं नाही आणि आम्ही तोंड चालवलं." वहिनी म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून मी पण त्याला एकदा मारलं. त्याचं तोंड हुंगून बघितलं." एवढं बोलून ती आत गेली आणि चहा घेऊन आली.

पोरगा ओट्यावर बसला होता. इन्सुलिन घेतो, जेवताना कॅप्सूल घेतो, वजन थोडं भरलंय. आयटीआयला जायचं म्हणतो. दुसऱ्या ताईच्या नवऱ्यानं रुग्णालयात दारू सोडली, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सोडली. त्याच्यासाठीही आम्ही तेवढंच थांबलो, कारण पिणारा झाला म्हणून त्याचं पोट कमी दुखत नाही.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत कुणी म्हणेल, "अमकीच्या पोराचं पोट सारखं दुखतं." तेव्हा तो पितो का, हे आधी विचारू नका. सोनोग्राफी झाली का, साखर तपासली का, सोबत कुणी आहे का, हे विचारा. वहिनी आता पुन्हा बैठकीला येते, आणि हे प्रश्न सगळ्यांच्या आधी तीच विचारते.